डेबियन १२ आणि एक्सएफसीई: एक कॉम्प्युटर, चार माणसं, लॉगिनचा भरवसा किती?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस घ्या. कॉम्प्युटर एक, माणसं चार. सकाळी डिस्पॅचचा पोऱ्या ई-वे बिल काढतो, दुपारी हिशेबनीस बसतात, मधेच डिझायनर जेकार्डची फाइल उघडतो आणि संध्याकाळी शेठ उधारी बघायला येतात. लॉगिन सगळ्यांचं एकच आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून अशा जुन्या यंत्रावर लिनक्स टाकायचा विषय निघतो आणि हलका डेस्कटॉप (खिडक्या-मेनूंचा पडदा) म्हणून एक्सएफसीईचं नाव पुढे येतं.

हे परीक्षण त्याच कामापुरतं आहे. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), सोबत एक्सएफसीई ४.१८, आणि लॉगिनच्या पडद्यासाठी लाइटडीएम हा प्रोग्राम. दिसणं, वेग, गेम हे विषय इथे नाहीत. कोण आत येतं, आत आल्यावर कोणाला काय दिसतं आणि उठून गेल्यावर स्क्रीन खरंच बंद होते का, एवढंच तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो: पाया पक्का आहे, दारं-खिडक्या मात्र आपल्या आपण बसवायच्या. पाचपैकी साडेतीन. टॅली लिनक्सवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सगळा हिशेब त्यावरच असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

(आदेश आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरायची.)

इन्स्टॉल करतानाचा एक प्रश्न

बहुतेकांची पहिली ठेच इथेच लागते. इन्स्टॉलर रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मालक खात्याचा, पासवर्ड विचारतो. तो दिला, तर पुढे बनणारं पहिलं खातं साधं खातं होतं. सुडो (रूटच्या अधिकाराने आदेश चालवण्याची सोय) वापरायला गेलं की नाव सुडोअर्स फाइलीत नसल्याचा संदेश येतो आणि माणूस गोंधळतो. तो रकाना रिकामा सोडला, तर रूट खातं बंद राहतं आणि पहिल्या खात्याला सुडोचा अधिकार मिळतो. कारखान्याच्या ऑफिसाला दुसरी पद्धत सोयीची.

पहिली पद्धत आधीच वापरून झाली असेल तर टर्मिनलमध्ये एसयू, एक जागा आणि डॅश असं देऊन रूट व्हा, मग अ‍ॅडयूजर, खात्याचं नाव, सुडो. तो डॅश विसरू नका. डॅश नसेल तर अ‍ॅडयूजर हा आदेशच सापडत नाही असं उत्तर येतं, कारण तो ज्या फोल्डरात असतो तो साध्या खात्याच्या पाथमध्ये, म्हणजे आदेश शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, नसतो. गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. गटाची नोंद लॉगिनच्या क्षणी होते, नंतर नाही. "गटात टाकलं तरी चालत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

सुडोवालं खातं रोजच्या कामाला वापरू नका. त्याला "व्यवस्था" सारखं वेगळं नाव द्या. शेठचं रोजचं खातं वेगळं, साधं. शेठला ते कमीपणाचं वाटेल. वाटू द्या. शेठच्या खात्यातून चुकून चाललेली फाइल मग शेठच्याच फाइलींपुरती राहते, सगळ्या यंत्राची मालक होत नाही.

बाकीची खाती अ‍ॅडयूजरनेच बनवा. यूजरअ‍ॅड हा त्याचा भाऊ नुसत्या नावानिशी चालवला तर होम फोल्डर बनवत नाही, आणि होम नसलेलं खातं लॉगिनच्या पडद्यावरून आत जात नाही. डेबियन १२ मध्ये अ‍ॅडयूजरने बनलेलं होम ७०० परवानगीचं असतं, म्हणजे मालकाखेरीज कोणालाच उघडत नाही. डेबियन ११ पर्यंत ते ७५५ असायचं. हिशेबनिसांची कागदपत्रं डिस्पॅचचा पोऱ्या आरामात वाचू शकायचा. ११ वरून १२ वर अपग्रेड केलेल्या यंत्रावर जुनी होम ७५५ च राहतात, ती आपोआप बदलत नाहीत. सुडो लावून सीएचमॉड ७०० असं प्रत्येक जुन्या होमवर एकदा चालवावं लागतं.

खाती बनवायला डेबियनच्या एक्सएफसीईत खिडकी नाही, सगळं टर्मिनलमध्ये. लिनक्स मिंटमध्ये खात्यांसाठी आणि लॉगिन खिडकीसाठी चौकटी मिळतात, त्या इथे नाहीत. अर्धा गुण इथे गेला.

लॉगिनचा पडदा

डेबियनचा लाइटडीएम खात्यांची यादी दाखवत नाही, नाव टाइप करावं लागतं. कागदावर हे सुरक्षित. ऑफिसात होतं असं, की माणूस घाईत नावाच्या रकान्यात पासवर्ड टाइप करतो आणि तो रकाना उघडा दिसतो. मागे उभा असलेला ट्रान्सपोर्टवाला वाचतो. शिवाय नाव पहिलं अक्षर मोठं करून लिहिलं की चालत नाही. चार माणसांच्या ऑफिसात कोण कोण काम करतं हे गुपित नसतं, तेव्हा यादी दाखवलेली बरी. इटीसी फोल्डरातल्या लाइटडीएम फोल्डरात लाइटडीएम डॉट कॉन्फ ही फाइल उघडा, सीट असं शीर्षक असलेल्या भागात ग्रीटर-हाइड-यूजर्स ही ओळ शोधा, तिच्या सुरुवातीची हॅशची खूण काढा आणि पुढे फॉल्स आहे ना ते बघा. ओळ भलत्या भागात लिहिली तर काही तक्रार न करता ती दुर्लक्षित होते. बदल लागू करायला लाइटडीएम रीस्टार्ट केला की चालू असलेली सगळी सेशन मरतात, न जतन केलेलं बिल गेलंच म्हणून समजा. रात्री यंत्र बंद करताना बदला.

त्याच फाइलीत ऑटोलॉगिनची ओळ आहे. ती वापरू नका. ऑटोलॉगिनमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही, म्हणून ग्नोम कीरिंग (साठवलेल्या पासवर्डची तिजोरी) उघडत नाही आणि क्रोमियम उघडताक्षणी वेगळी खिडकी येऊन कीरिंगचा पासवर्ड मागते. कंटाळून लोक कीरिंगला रिकामा पासवर्ड देतात, आणि मग साठवलेले पासवर्ड एन्क्रिप्शनशिवाय डिस्कवर पडून राहतात.

कीरिंगचा दुसरा घोळ जास्त वेळा भेटतो. हिशेबनीस पासवर्ड विसरले, "व्यवस्था" खात्यातून तो बदलून दिला, लॉगिन झालं, पण लगेच "कीरिंग उघडलं नाही" असा निरोप आला. कीरिंगला अजून जुनाच पासवर्ड आहे. माणसाने स्वतः पासवर्ड बदलला तर दोन्ही एकदम बदलतात; रूटने बदलला तर फक्त लॉगिनचा बदलतो, कारण जुना पासवर्ड माहीत असल्याशिवाय कीरिंगचं कुलूप नव्याने घालता येत नाही. जुना आठवत असेल तर सीहॉर्स नावाच्या प्रोग्राममधून बदला. नसेल तर त्या होममधल्या डॉट लोकल, शेअर, कीरिंग्ज या फोल्डरातली लॉगिन डॉट कीरिंग काढून टाका. साठवलेलं सगळं जाईल, पण खिडकी यायची थांबेल.

आता सोलापूरचा खास प्रश्न: इथल्या ऑफिसात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही लिहिणारी माणसं एकाच कीबोर्डवर बसतात. लॉगिनच्या पडद्याला पहिला लेआउट इंग्रजीच ठेवा आणि बाकीचे प्रत्येकाच्या एक्सएफसीई सेटिंगमध्ये जोडा, सबंध यंत्राच्या पातळीवर नको. तरीही एक सापळा उरतो. स्क्रीन लॉक झाली तेव्हा लेआउट मराठी असेल, तर एक्सएफसीईचा स्क्रीनसेव्हर त्याच लेआउटमध्ये पासवर्ड घेतो. ठिपके दिसतात, अक्षरं दिसत नाहीत, बरोबर पासवर्ड तीनदा चुकीचा ठरतो. लेआउट बदलायची कळ, उदाहरणार्थ ऑल्ट-शिफ्ट, एक्सकेबी या कीबोर्डच्या यंत्रणेच्या पर्यायांतून ठरवलेली असली तर ती कुलपाच्या पडद्यावरही चालते. नुसत्या आकड्यांचा पासवर्ड असणाऱ्यांना वेगळाच त्रास: लॉगिनच्या वेळी नमलॉक बंद असतो. नमलॉकएक्स हे पॅकेज टाका आणि ग्रीटर-सेटअप-स्क्रिप्ट या ओळीत त्याचा पाथ आणि पुढे ऑन लिहा.

कुलूप लागतं, पण नेहमी नाही

डेबियन १२ चा एक्सएफसीई लाइट-लॉकर हा स्क्रीन लॉक करणारा प्रोग्राम घेऊन येतो. तो स्वतः कुलूप दाखवत नाही. लाइटडीएमचा लॉगिन पडदा दुसऱ्या व्हर्च्युअल टर्मिनलवर उघडून आपल्याला तिकडे नेतो. कल्पना छान, पण काही ग्राफिक्सवर स्क्रीन झोपून उठली की काळाच पडदा राहतो. यंत्र अडकलंय समजून लोक बटण दाबून धरतात आणि उघडी फाइल गमावतात. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ७ आणि मग एफ८ दाबून बघा, बहुधा पडदा परत येतो. कायमचा उपाय म्हणजे लाइट-लॉकर काढून एक्सएफसीई४-स्क्रीनसेव्हर टाकणं. मग सेटिंगच्या दुसऱ्या टॅबमध्ये लॉक स्क्रीन चालू करून ५ मिनिटं ठेवा. कंट्रोल-ऑल्ट-एल दाबलं की लगेच लॉक होतं. ही कळ चौघांच्याही बोटांत बसली पाहिजे.

स्क्रीनसेव्हर बदलल्यावर एक चाचणी जरूर करा. डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून मेनू उघडा ठेवा आणि ५ मिनिटं काही करू नका. मेनू उघडा असेपर्यंत कुलूप पडत नाही. यात एक्सएफसीईचा दोष नाही, खाली चालणाऱ्या एक्स११ चा, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या काढणाऱ्या जुन्या यंत्रणेचा, आहे. एक्स११ मध्ये कुलूप हीदेखील एक खिडकीच असते, तिला कीबोर्ड आणि माउस ताब्यात घ्यावा लागतो, आणि उघड्या मेनूने तो आधीच धरून ठेवलेला असतो. पूर्ण स्क्रीनवर व्हिडिओ चालू ठेवला तरी सेटिंगनुसार कुलूप थांबतं. त्याच एक्स११ मुळे एका सेशनमधला कोणताही प्रोग्राम त्याच सेशनमधल्या दुसऱ्या प्रोग्रामच्या कळा ऐकू शकतो. म्हणून एकाच लॉगिनमध्ये भरवशाचा बँकेचा टॅब आणि कुठून तरी उतरवलेला प्रोग्राम सुखाने नांदत नाहीत. एक्सएफसीई ४.२० पासून वेलँड या एक्स११ च्या नव्या पर्यायाची सोय आली आहे, पण प्रायोगिक म्हणून. कामाच्या यंत्रावर एवढ्यात नको.

कुलपाचा पडदा कोसळला की आतलं सगळं उघडं पडतं, हेही खरं घडलेलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या सिनॅमनमधला असा दोष उजेडात आला तो लहान मुलांमुळे: स्क्रीनवरचा कीबोर्ड वाटेल तसा बडवला आणि कुलूप गळून पडलं. पोरांच्या हातात काहीच सुरक्षित नाही, एवढं त्यातून कळलं.

लाइटडीएम न वापरता टर्मिनलमधून स्टार्टएक्स देऊन डेस्कटॉप उघडण्याची सवय काही जुन्या मंडळींना असते. ती सोडा. स्क्रीन लॉक असली तरी एक्स११ कोसळलं की त्याच टर्मिनलवर उघडं शेल (आदेश देण्याची जागा) हातात येतं. सोडवतच नसेल तर स्टार्टएक्सच्या आधी एक्झेक शब्द लावा, म्हणजे शेल शिल्लक राहत नाही.

"यूजर बदला" हे बटण सोयीचं आहे, मागचं सेशन चालू राहतं. पण चालू म्हणजे मेमरीत. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर दोन फायरफॉक्स दोन सेशनमध्ये उघडे असले की तिसरा माणूस बसेपर्यंत यंत्र रांगायला लागतं. काम संपलं की लॉगआउट, असा नियमच करा.

पोऱ्याला रात्री आठनंतर लॉगिन नको

ही मागणी कारखानदारांकडून हमखास येते, आणि डेबियनमध्ये ती फुकटात होते. लॉगिनची तपासणी करणाऱ्या पॅम या यंत्रणेत पॅम टाइम नावाचा भाग आधीपासून असतो, फक्त जोडायचा. इटीसीमधल्या पॅम डॉट डी फोल्डरात लाइटडीएम नावाची फाइल आहे; तिच्यात अकाउंट रिक्वायर्ड पॅम अंडरस्कोअर टाइम डॉट एसओ ही ओळ कॉमन-अकाउंटच्या ओळीच्या आधी घाला. मग इटीसीमधल्या सिक्युरिटी फोल्डरात टाइम डॉट कॉन्फ उघडून एका ओळीत चार गोष्टी अर्धविरामाने तोडून लिहा: सेवा लाइटडीएम, टर्मिनलच्या जागी तारा, खात्याचं नाव, आणि वेळ म्हणून एएल ०९००-२०००. एएल म्हणजे सगळे वार. पहिलं अक्षर मोठं.

गोम तीन ठिकाणी आहे. हा नियम फक्त आत येताना तपासला जातो; आठ वाजता आत बसलेल्याला तो बाहेर काढत नाही. बाहेर काढायचंच असेल तर क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणारी सोय) लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजर चालवावं लागतं, आणि ते विचारपूस न करता सगळं बंद करतं. दुसरं, लाइट-लॉकर ठेवला असेल तर कुलूप उघडतानाही लाइटडीएमचीच तपासणी होते, म्हणजे आठला पाच कमी असताना स्क्रीन लॉक झाली आणि माणूस सव्वाआठला आला, तर त्याचंच सेशन त्याला उघडत नाही. तिसरी गोम जुन्या यंत्राची: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. यंत्र सकाळी चालू होतं तेव्हा घड्याळ काल रात्री बंद केलेल्या वेळेच्या आसपास अडकलेलं असतं, आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत पॅम टाइमच्या लेखी अजून रात्रच असते. लॉगिन नाकारलं जातं, पासवर्ड मात्र बरोबर. दोष पासवर्डमध्ये शोधत बसण्याआधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. सेल बदलायला फार खर्च नाही.

नियम फक्त लाइटडीएमला लावला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ च्या अक्षरी लॉगिनचं दार उघडंच राहतं. सेवेच्या रकान्यात लाइटडीएम आणि लॉगिन ही दोन्ही नावं उभ्या रेघेने जोडून लिहा आणि पॅमच्या लॉगिन फाइलीत आधीपासून असलेल्या तशाच ओळीपुढची हॅशची खूण काढा. पॅमच्या फाइली बदलताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचं एक शेल उघडं ठेवायचं असतं. एक अक्षर चुकलं की "व्यवस्था" खात्यालाही दार बंद, आणि मग दुरुस्ती पेनड्राइव्हवरून करावी लागते.

चुकीच्या प्रयत्नांवर खातं गोठवणारं फेललॉक डेबियन १२ मध्ये आपोआप चालू नसतं. मुद्दाम चालू करू नये असं आमचं मत. त्याचा ठरीव हिशेब ३ चुकांना १० मिनिटं बंदी असा आहे, आणि ऑफिसात कोणी खोडी म्हणून हिशेबनिसांच्या नावावर तीन चुका केल्या की जीएसटीच्या शेवटच्या तारखेला हिशेबनीस बाहेर बसतात. एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिनची सोय) चालू असेल तर गोष्ट वेगळी. पण इन्स्टॉल करताना एसएसएच सर्व्हरच्या चौकटीत खूण करायचीच कशाला?

डिझाइनची फाइल: इथे डेबियन खरा उतरतो

सोलापुरी चादरीचं डिझाइन म्हणजे कारखान्याचं भांडवल. नवीन जेकार्डची फाइल पेनड्राइव्हवरून शेजारच्या लूमवर गेली की सीझन गेला. म्हणून पहिली मागणी येते ती पेनड्राइव्ह बंद करण्याची. ती पोलकिटमधून (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) होते: इटीसीमधल्या पोलकिट-१ च्या रूल्स डॉट डी फोल्डरात १० ने सुरू होणारी डॉट रूल्स फाइल टाकून, डिस्क जोडणाऱ्या यूडिस्क्स२ च्या फाइलसिस्टम-माउंट या क्रियेला ठरावीक गटाबाहेरच्यांसाठी नकार द्यायचा. इंटरनेटवरची जुनी मार्गदर्शनं पीकेएलए फाइल लिहायला सांगतात. ती डेबियन ११ पर्यंतची पद्धत. १२ मध्ये पोलकिट बदललं, नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे असतात, आणि जुनी फाइल काहीही न बोलता निकामी ठरते.

पेनड्राइव्ह बंद झाला म्हणून निवांत बसू नका. मोबाइल केबलने जोडला तर तो यूडिस्क्समधून जातच नाही, एमटीपी या मोबाइलच्या वेगळ्या पद्धतीने जोडला जातो, आणि फाइल आरामात निघते. व्हॉट्सअ‍ॅप वेब आहेच. एक्सएफसीईचा किऑस्क मोडही याच जातीचा: पॅनल, मेनू, शटडाउनचं बटण त्यातून गोठवता येतं, पण ते फक्त डेस्कटॉपच्या दिसण्यावर असतं. टर्मिनल उघडता येणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नाही. पॅनल कोणी चुकून उडवू नये एवढ्यासाठी वापरा, सुरक्षा म्हणून नको.

खरा उपाय फाइलीवरच असतो. ज्याला डिझाइन वाचताच येत नाही तो ते नेणार कसं? एसआरव्ही फोल्डरात "डिझाइन" फोल्डर बनवा. अ‍ॅडग्रुपने त्याच नावाचा गट बनवा, डिझायनर आणि शेठ दोघांनाच त्यात घाला. यूजर्स हा आयता गट वापरू नका, डेबियन १२ मध्ये नवं खातं आपोआप त्यात पडतं. फोल्डर सीएचजीआरपीने गटाच्या नावावर करा आणि सीएचमॉड २७७० द्या. पुढचा २ महत्त्वाचा: त्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्या गटाचीच होते. लिहिण्याची परवानगीही गटाला आपोआप मिळावी म्हणून एसीएल पॅकेज टाकून सेटएफएसीएल, डॅश डी, डॅश एम आणि जी:डिझाइन:आरडब्ल्यूएक्स असं फोल्डरावर चालवा.

इतकं करूनही चार दिवसांत तक्रार येते: "शेठला फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, फक्त वाचण्यासाठी म्हणतं." कारण असं. डिझायनरने फाइल आधी स्वतःच्या होममध्ये बनवली आणि थुनार या फाइल मॅनेजरमध्ये माउसने ओढून सामायिक फोल्डरात टाकली. एकाच पार्टिशनवर ओढलं की फाइल हलते, नवी बनत नाही. ती जुना गट आणि जुनी ६४४ परवानगी घेऊनच येते. गटाचा २ आणि सेटएफएसीएलचा नियम फक्त नव्या बनणाऱ्या फाइलींना लागू होतो. कंट्रोल दाबून ओढलं तर प्रत होते आणि गट बरोबर येतो, पण मूळ फाइलीची ६४४ परवानगी तिच्यावरही येऊ शकते. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ओढल्यावर आपोआप प्रतच होते. आलेल्या फाइली दुरुस्त करायला सीएचजीआरपी आणि मग सीएचमॉड जी+आरडब्ल्यू, बस.

बॅकअप फॅटच्या पेनड्राइव्हवर घेतला तर परवानग्या तिथेच गळतात, फॅटला मालक-गट ठाऊकच नाहीत. टारने बांधून ठेवा किंवा बॅकअपची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची पद्धत) करा.

पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिनवर

पासवर्ड स्वीकारला जातो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा तोच लॉगिनचा पडदा. कारणं बहुधा दोनच. डिस्क भरली असेल, किंवा कोणीतरी सुडो लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवल्याने होममधली डॉट एक्सऑथॉरिटी किंवा डॉट आयसीईऑथॉरिटी (यांत एक्स आणि आयसीई मोठ्या अक्षरांत) फाइल रूटच्या मालकीची झाली असेल. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने अक्षरी लॉगिन करा, डीएफ डॅश एच देऊन डिस्क किती भरली ते बघा, मग एलएस डॅश एलएने त्या दोन फाइलींचा मालक बघा. रूट दिसला तर सुडो सीएचओन लावून परत द्या. पुन्हा इन्स्टॉल करायला ५०० रुपये मागणाऱ्याला बोलावण्याआधी हे करून बघायला हरकत नाही.

यंत्रच उचलून नेलं तर

आत्तापर्यंतचं सगळं यंत्र चालू असताना. रात्रपाळीला एकटा बसलेला माणूस यंत्र रीस्टार्ट करून ग्रबच्या (यंत्र चालू होतानाच्या) मेनूत ई दाबतो, कर्नलच्या ओळीला इनिट बरोबर बिन-बॅश जोडतो आणि पासवर्डशिवाय रूट होतो. ग्रबला पासवर्ड लावता येतो, बायोसलाही. पण डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की दोन्हींचा उपयोग संपला. इलाज एकच, इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्टेड एलव्हीएमचा, म्हणजे सगळी डिस्क कुलूपबंद ठेवण्याचा, पर्याय निवडणं. नंतर बसवायचं म्हटलं तर जवळपास पुन्हा इन्स्टॉलच.

त्याची किंमत सोलापुरात रोज मोजावी लागते ती लाइटीमुळे. यूपीएसची बॅटरी उतरलेली, लाइट गेली, यंत्र बंद पडलं, की परत चालू करताना डिस्कचा पासफ्रेज हवा. तो एकट्या शेठकडे असेल आणि शेठ लग्नाला हैदराबादला, तर डिस्पॅच अडला. हे कुलूप ज्या पद्धतीने लागतं त्या एलयूकेएस२ मध्ये एकाच डिस्कला ३२ पर्यंत वेगवेगळे पासफ्रेज ठेवता येतात. शेठचा वेगळा, मॅनेजरचा वेगळा. मॅनेजर सोडून गेला तर त्याचा तेवढा काढायचा. इन्स्टॉलर डिस्क यादृच्छिक डेटाने भरायला लागतो तेव्हा जुन्या हार्डडिस्कवर तास जातात. नवी कोरी डिस्क असेल तर ती पायरी रद्द केली तरी चालते. ज्या प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शन झटपट करण्याची सोय) नाही, त्यावर डिस्कचा वेग घटलेला जाणवतो. ज्या यंत्रावर फक्त ई-वे बिल निघतं तिथे याची गरज नाही. डिझाइन आणि हिशेब असतील तिथे आहे.

अपडेट

खाती वेगळी केली म्हणून ती वेगळी राहतीलच असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पोलकिटच्या पीकेएक्झेक या आदेशातला दोष जाहीर झाला, तो २००९ पासून आत होता आणि कोणत्याही साध्या खात्याला रूट करत होता. तेव्हा ज्यांनी अपडेट लावलं नाही त्यांचे ७०० आणि २७७० सगळे कागदावरच राहिले. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे आपोआप अपडेट लावणारं पॅकेज टाकून चालू आहे ना ते तपासा. डेबियन १२ चा दीर्घ मुदतीचा सपोर्ट ३० जून २०२८ पर्यंत आहे.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, एक्सएफसीई ४.२० सह. ६४ बिटचं यंत्र असेल तर नवं इन्स्टॉल त्याचंच करा. ३२ बिटच्या यंत्राला मात्र इन्स्टॉलर मिळणारा १२ हा शेवटचा. कोण कधी लॉगिन झालं हे बघायला १२ मध्ये लास्ट आणि फसलेल्या प्रयत्नांसाठी सुडो लास्टबी चालतं. १३ मध्ये हे दोन्ही आदेश काढलेत. तिथे डब्ल्यूटीएमपीडीबी पॅकेज टाकून डब्ल्यूटीएमपीडीबी लास्ट द्यावं लागतं. ऑथ डॉट लॉग ही फाइल शोधत बसू नका, १२ पासून ती आपोआप बनत नाही. सुडो जर्नलसीटीएल डॅश यू लाइटडीएम दिलं की पडद्यावरच्या लॉगिनच्या नोंदी तारीखवार दिसतात.